वेल्ह्याचं पान भोरला उघडलं

१८ फेब्रुवारी २००८

यंत्र आलं! आगपेटीपेक्षा जरासं मोठं, काळं, वर काचेची एवढीशी खिडकी. तिच्यावर उजवा अंगठा टेकवला की आत लाल दिवा लागतो. पुण्याहून ट्रस्टच्या कॉम्प्युटर विभागातला फरहान घेऊन आला. येताना एसटीत मांडीवर धरून बसला होता म्हणे.

इतकी वर्षं आमच्या दवाखान्यात केसपेपरचे गठ्ठे बांधून माळ्यावर टाकायचे आणि पेशंट पुन्हा आला की नवा काढायचा, कारण जुना शोधण्यापेक्षा ते सोपं. आता तसं नाही. ट्रस्टचे देशभरातले सगळे दवाखाने आणि ज्या इतर संस्था यात सामील झाल्यात त्यांचेही, एकमेकांना जोडायचे. भोर, वेल्हे, पुणे, जबलपूर, कोइमतूर, गुवाहाटी. प्रत्येक माणसाचं एक पान. माणूस कुठंही आजारी पडो, त्यानं अंगठा ठेवला की त्याचं पान तिथं उघडणार. आणि भोरच्या टेबलावर हे सगळं कोण सांभाळणार? अंजुम अय्युब मुलाणी, बी. कॉम., यंत्राशी भांडण्याचा अनुभव शून्य.

मी फरहानला विचारलं, "तुम्ही तर कुणाचंही पान उघडू शकाल. तुम्हीच बनवलंय."

"मीही नाही," तो म्हणाला. "पान इथून निघतं ते कुलूप लागूनच. वाटेत मी पकडलं तरी मला नुसती अक्षरांची खिचडी दिसेल. किल्ली पेशंटच्या अंगठ्यात. शुद्धीत असलेल्या पेशंटनं नाही म्हटलं, तर पंतप्रधानांनाही उघडता येणार नाही."

अब्बा कंटेनर चालवतात. मागच्या दाराला कंपनीचं सील असतं, आत काय भरलंय हे अब्बांनाही ठाऊक नसतं, आणि ते सील जिथं पोचायचं तिथंच तुटतं. मी हे सांगितल्यावर फरहान म्हणाला, "मला हे समजवायला दोन तास लागतात." मला फार बरं वाटलं. अम्मीनं रात्री जेवताना विचारलं, हा फरहान कुठला, घरी कोण कोण आहे. मला काय ठाऊक? मी यंत्राबद्दल सांगत होते.

३ मार्च

वेल्ह्याच्या दवाखान्याच्या गच्चीवर जोडणीची छत्री, म्हणजे डिश, बसली. तिथं माझी मामेबहीण अम्रीन बसते. आज चाचणी होती. अम्रीननं सकाळी वेल्ह्यात स्वतःचं पान लिहिलं: सर्दी, अंगदुखी, वजन (ते चोरून कमी लिहिलं). मग एसटीनं निघाली, चेलाडी फाट्यावर गाडी बदलली, धक्के खात दुपारी भोरला पोचली. अंगठा ठेवला. लाल दिवा. आणि पडद्यावर तिची सर्दी.

तोरण्याच्या पायथ्याहून निघालेलं पान तिच्या आधी येऊन इथं वाट बघत बसलं होतं. मग मी म्हटलं, "वजन खोटं आहे." पोरे मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, मोठ्यांदा हसल्या. पण मला आतून काहीतरी झालं होतं. नमाजनंतर कधी कधी होतं तसं.

११ जून

पान दुसरीकडं उघडलं की ते जिथं लिहिलं तिथं कळतं. दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली: अय्युब मुलाणी यांचे पान जबलपूर येथे उघडले.

माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला. अब्बा गाडी घेऊन तिकडं गेलेत हे खरं, पण दवाखान्यात कशाला? मोबाईल लागेना. अम्मीला काही सांगितलं नाही. तासाभरानं त्यांचाच फोन. साखरेच्या गोळ्या घेतल्या आणि गाडी पोचवायच्या नादात जेवलेच नाहीत. चक्कर आली, क्लीनरनं रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. नशिबानं तो आपल्या जोडणीतला निघाला.

"अगं, त्या डॉक्टरनं पडद्यावर बघून मला विचारलं, घरी गुलजारबी जिलबीवरून भांडतात ना?" अब्बा थक्क होऊन सांगत होते. पोरे मॅडमनी पानावर अम्मीची तक्रार जशीच्या तशी लिहून ठेवली होती. "माझा गाव कुठं, हा माणूस कुठला, आणि माझी गोळी किती मिलिग्रॅमची ते त्याला ठाऊक. मला काही सांगायला लागलं नाही, अंजुम. फक्त अंगठा."

मी टेबलाखाली डोकं घालून थोडं रडले. सांडलेली शाई पुसतेय असं सांगितलं, कॉम्प्युटरच्या टेबलावर शाई कुठली? कुणी विचारलं नाही.

२२ जुलै

आवणी सुरू झाली आणि माझी झोप उडाली. भात लावणाऱ्या बायकांचे अंगठे यंत्राला दिसतच नाहीत. महिनाभर गाळात बोटं खुपसून रोपं लावली की रेषा झिजून जातात, हे पुण्यात बसून कुणाच्या ध्यानात यावं? मी फरहानला फोन करून चांगलं झापलं.

आज आंबवड्याकडच्या सगुणाबाई आल्या होत्या, पायाला विळा लागलेला. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. अंगठा ठेवून ठेवून दमल्या.

"देवानं काढल्याली नक्षी भातानं खाल्ली बग, पोरी," म्हणाल्या. "आता काय, मी मानूसच न्हाई म्हन्तं का ह्ये?"

शेवटी करंगळी चालली. सगुणाबाईंनी करंगळी डोळ्यांसमोर धरून तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. मग गप्पा. औंदा मुलाचं लग्न झालं. सून वेल्ह्याकडची. माहेरचं नाव बदलून मुलानं मालिकेतलं नाव ठेवलंय, शेफाली, ते यांच्या जिभेवर बसत नाही.

"सुनेला आणलं नाही आवणीला?" मी विचारलं.

"न्हाई नेली. ऱ्हाऊ दे घरी. भाकरी करतीय, तेवडं पुरं."

शेजारच्या बाकावरची बाई लगेच म्हणाली, "आमच्या सासवा अशा असत्या तर!" मीही चिडवलं की सुनेला देव्हाऱ्यात बसवा. सगुणाबाई नुसत्या हसल्या.

२१ ऑगस्ट

आज दवाखान्यात माझं भाषण झालं. बायकांची गर्दी होती, अब्बांची जबलपूरची गोष्ट सगळ्यांना ऐकायची होती. मी पण अशी काही रंगवली! "ठेवला अंगठा, की जन्मापासूनचं सगळं या पडद्यावर. डॉक्टर बदला, गाव बदला, नाव बदला, काही लपत नाही. माहेरच्यांनी झाकून ठेवलेलंसुद्धा!" बायका हसून हसून लोळल्या. आमच्याकडे पेशंट कधी एकटा आत येत नाही. सासू, जाऊ, दीर, सगळे टेबलाभोवती उभे राहून पडदा बघतात, जणू टीव्ही. त्यामुळे माझ्या बोलण्याला प्रेक्षक भरपूर.

सगुणाबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. तिसरा महिना. शेफाली म्हणजे बारीक, गोरी, मोठ्या डोळ्यांची, फार कमी बोलणारी. तिचा नंबर यायच्या आधी ती मोरीकडे जाऊन आली आणि खुर्चीत बसली तेव्हा उजव्या अंगठ्याला चिंधी.

"काय झालं?"

"काल तव्याला भाजलं, ताई."

आधी दिसलं नव्हतं मला. मग डाव्या अंगठ्यावर नवं कोरं पान काढलं. नियम उजव्याचाच आहे, डावा तात्पुरता. पुढच्या वेळी उजवा देईल. मॅडमनी वजन केलं, लोहाच्या गोळ्या दिल्या.

१४ सप्टेंबर

रोजा सोडायला अम्रीन घरी आली होती. खजूर हातात धरून बसली, खाईना. मग सांगितलं, नाव न घेता. नाव घ्यायचं नाहीच, ते आम्ही दोघी पाळतो.

वेल्ह्याला एक मुलगी यायची. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातून हृदयाची एक झडप आकसली. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला यायची, कधी चुकली नाही. मार्चमध्ये अम्रीननंच तिचा अंगठा घेतला. मेमध्ये लग्न झालं आणि यायची बंद. आईबापाला विचारलं तर म्हणाले, घाटाखाली महाडकडं दिलीय, तिकडं घेती इंजेक्शन, तुम्ही कुठं पत्र-फोन करू नका, पोरीचा संसार मोडंल.

"घेत नसणार ती," अम्रीन म्हणाली. "आमचे डॉक्टर म्हणतात, अशा झडपेवर दिवस गेले तर सहाव्या-सातव्या महिन्यात हृदयाला रक्त झेपत नाही. पाण्यात न बुडता बुडते बाई. वेळेवर कळलं तर पुण्याला उपाय आहे. पण कुठं शोधायची?"

मी म्हटलं, शोधू. इतकं मोठं जाळं कशाला आहे मग?

१५ सप्टेंबर

फरहानला सांगितलं, महाडकडचे सगळे दवाखाने बघा. महाड अजून जोडलेलंच नाही. बरं, मग अशा दुखण्याची मुलगी देशात कुठं नव्यानं आली का ते तरी बघा. तो म्हणाला, "अंजुम, तसं बघताच येत नाही. बघता आलं तर ते कुलूप नव्हे."

मी फोन आपटला. मग दिवसभर विचार करत राहिले. फेब्रुवारीत याच कुलपाचं मला केवढं कौतुक होतं! आज त्याच्यावर डोकं आपटावंसं वाटलं. तरी त्याच्याबद्दल भीतीयुक्त आदर वाटावा अशी एक गोष्ट आहे: ते माझ्या रडण्यानंही उघडत नाही. अल्ला त्या पोरीला महाडात सुखरूप ठेवो.

२० ऑक्टोबर

शेफाली आली. पुन्हा उजव्या अंगठ्याला चिंधी! मी म्हटलं, "अगं, तुझा तवा आहे का वैरी?" ती कशीबशी हसली. सगुणाबाईंनी चिंधीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

मॅडमना छातीत थोडा आवाज ऐकू आला. पहिलटकरणीत कधी कधी असतो म्हणाल्या, पण पुण्याला दाखवून घ्या. दम लागतो का, विचारलं. शेफाली नाही म्हणाली. सगुणाबाई म्हणाल्या, "आमी आजच जातो पुन्याला, मॅडम. लिवून द्या." पण शेफालीनं त्यांचा पदर धरला. दिवाळीनंतर जाऊ, आत्याबाई. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग बरं म्हणाल्या. मला वाटलं, पोरीला दिवाळीची हौस दिसतेय.

जाताना सासू औषधाच्या खिडकीशी असताना शेफाली माझ्याजवळ आली. हुशार आहे हं मुलगी, काय काय विचारत होती. "ताई, सातव्यात मी माहेरी जानार. तितं डाक्टर जे लिवतील, ते हितं दिसंल का?" मी अभिमानानं म्हटलं, "सगळं! इकडचं तिकडं, तिकडचं इकडं." "घरच्यांनी इचारलं तर?" "घरच्यांना काय, पडदा समोरच आहे!" तिनं मान हलवली आणि गेली. खेड्यातल्या मुलीला जोडणीचं इतकं कुतूहल असावं, याचा मला फार आनंद झाला. फरहानला लगेच फोन करून सांगितलं.

२५ नोव्हेंबर

लोडशेडिंग, बॅटरी, उंदरानं वायर कुरतडली. फरहान वायर घेऊन स्वतः आला, वायर कुरिअरनं आली असती. अम्रीन अजून त्या महाडच्या मुलीसाठी दुवा मागते. शेफाली या महिन्यात आली नाही, पुण्याला जाऊन आली का तेही कळलं नाही.

१६ डिसेंबर

आज लिहिलं नाही तर उद्या माझा मलाच विश्वास बसणार नाही.

दुपारी माऊलीनं, म्हणजे सगुणाबाईंच्या मुलानं, टेम्पोतून शेफालीला आणलं. बसवूनच, कारण आडवी केली की श्वास अडकत होता. ओठ निळसर, कपाळावर घाम. बरोबर सगुणाबाई, चुलत सासरे आनंदराव, दोन जावा. सवयीनं सगळे टेबलाभोवती उभे राहिले.

मॅडमनी छाती तपासली. "हिला दमा आहे का? आधी कधी असं झालंय?"

"छ्या! कवाच न्हाई," आनंदराव म्हणाले. जणू तेच रोज तिची नाडी बघत होते.

मॅडम माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "दम्याचं औषध द्यावं, आणि हृदय असलं तर ते आणखी धावेल. हृदयाचं द्यावं, तर कुठला भाग, किती बिघडलाय, काय चालतं, काही माहीत नाही. हिचं पान उघड."

डाव्या अंगठ्याचं पान उघडलं. वजन, लोहाच्या गोळ्या आणि ऑक्टोबरातला तो छातीतला आवाज, बस. मी म्हटलं, ही वेल्ह्याची, तिकडं कधीतरी काही लिहिलं असेलच, उजवा अंगठा घेऊ. तिचा हात धरायला गेले तर चिंधी! आणि शेफालीनं हात पदराखाली ओढून घेतला. बोलायला तिच्याजवळ श्वास नव्हता, पण मूठ अशी आवळली की नखं पांढरी झाली. मान हलवत होती, नाही, नाही. डोळे पडद्यावर, मग नवऱ्यावर, जावांवर, सासूवर.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. एक तवा, एक अंगठा, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. आणि ऑगस्टमध्ये या खोलीत ओरडून कोण म्हणालं होतं, काही लपत नाही म्हणून? मला जमिनीत जावंसं वाटलं. पण जायला वेळ नव्हता. ती शुद्धीत होती आणि नाही म्हणत होती. तिचं 'नाही' मी मोडू शकत नव्हते, मॅडमही मोडू शकत नव्हत्या. 

सगुणाबाई पुढं आल्या. पलंगाशी बसल्या. सुनेची मूठ दोन्ही हातांत घेतली आणि एकेक बोट उलगडलं. चिंधी सोडली. आतला अंगठा धडधाकट, चट्टासुद्धा नाही.

"आँ? ह्ये काय?" आनंदराव म्हणाले.

"भावजी, चला भाईर," सगुणाबाई मागं न बघता म्हणाल्या. "माऊल्या, तू बी. समदी निगा."

"अगं आये, पन..."

"निगा म्हन्ते न्हवं!"

सगळे गेले. सगुणाबाईंनी मग तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"हे बग पोरी. मला काय बी बगायचं न्हाई. मला वाचाया येत न्हाई, आन् कुनी वाचून दावलं तरी म्या ऐकायची न्हाई. तुजं हाय ते तुजंच ऱ्हाईल. डाक्टरीनबाईस्नी तेवडं दाव." आणि उठून त्याही बाहेर गेल्या. दार बाहेरून ओढून घेतल्याचा आवाज आला.

शेफाली त्या दाराकडे बघत राहिली. मी पडदा भिंतीकडे फिरवला, असा की मॅडम सोडून कुणाला दिसू नये. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. मग तिनं आपणहून हात पुढं केला.

लाल दिवा. पान उघडलं. वरचं नाव मथुरा, गाव केळद. ते नाव मला अनोळखी होतं, पण खालची प्रत्येक ओळ मी ऐकलेली होती. सांध्यांचा ताप. आकसलेली झडप. दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन. पुण्याला काढलेला हृदयाचा फोटो, मापांसकट. चालणारी औषधं, न चालणारी औषधं. शेवटची नोंद एप्रिलची. जिला आम्ही महाडात शोधत होतो ती माझ्याच टेबलावर आयर्नच्या गोळ्या घेत होती.

मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं आणि मग त्यांचे हात असे चालू लागले, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. प्राणवायू, इंजेक्शन, तिला बसतं ठेवा, सलाईन लावू नका. एकीकडे पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन. शेफालीनं मान डोलावली, मी संमतीचं बटण दाबलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात ओळ आली: पुणे येथे उघडले. वेल्ह्यात लिहिलेलं, भोरला उघडलेलं, पुण्यात वाचलं जाणारं तेच एक पान, एकाच क्षणी. तिकडचे डॉक्टर मॅडमना माप वाचून दाखवत होते आणि मॅडम तेच माप बघत होत्या. मी अल्लाचं नाव घेतलं, मोठ्यांदा घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. वेल्ह्याहून अम्रीन. तिच्या पडद्यावरही ओळ उमटली होती.

"भोरला उघडलं म्हणतंय. अंजुम, सापडली? खरंच तीच? जिवंत आहे?"

"आहे," मी म्हटलं. आणि फोन ठेवून मॅडमच्या मदतीला धावले.

श्वास जरा खाली बसल्यावर ॲम्ब्युलन्स निघाली. माऊली बरोबर गेला. घरी म्हशी होत्या म्हणून सगुणाबाई पुण्याला गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, हात मांडीत धरून. मी पाणी दिलं.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. विचारलं नाही, म्हटलं.

"काय हाय ते न्हाई ठावं. कायतरी हाय, ते आली तवापास्नं ठावं. हंडा घेऊन उंबऱ्याशी थांबायची, आन् मी बगतीय म्हनल्यावर पदर सारका केल्यावानी करायची." पाणी तसंच हातात होतं. "म्हनलं, इचारलं तर घाबरंल. आपल्याला हाकलत्याल असं वाटंल तिला. सांगंल कवातरी, जीव लागला की. म्हनून थांबले. थांबले, थांबले, आन् आज पोर जात हुती माजी."

एक आपलं दुखणं लपवत होती, दुसरी ते आपल्याला दिसलंय हे लपवत होती, आणि दोघींना एकमेकींची काळजी. मी यंत्राला थोर म्हणत होते. यंत्र थोर आहेच. पण दार ओढून बाहेर जाणारी ही बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्यात ते बळ असतं का? मी तर दाराला कान लावला असता.

२० डिसेंबर

पुण्याहून माऊलीचा फोन. मांडीच्या शिरेतून फुगा घालून झडप मोकळी केली, छाती न कापता. आई आणि पोटातलं बाळ दोघंही ठीक. मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले. छाती न कापता, फुग्यानं! मी तीनदा विचारून खात्री केली.

पडद्यासमोर आता मी खुर्ची आणि पडदी लावलीय. एका वेळी एकच माणूस आत. जावा, दीर सगळे कुरकुरले. कुरकुरू देत.

२७ डिसेंबर

सगुणाबाई सुनेची खबर विचारायला आल्या होत्या, त्यांच्याकडे फोन नाही. मी सांगणार की सोमवारी सोडतात, इतक्यात पडद्यावर नवी ओळ आली. पुण्याहून, शेफालीच्या अंगठ्यानं: माझे जुने पान सासूबाई सगुणाबाई यांना वाचून दाखवावे.

नवऱ्याचं नाव नाही, आईबापाचं नाही. पहिलं नाव यांचं.

मी धावत बाहेर गेले, त्यांना हाताला धरून आत आणलं, पडदी ओढली, पडदा त्यांच्याकडे वळवला. "मावशी, तिनं स्वतः अंगठा दिलाय. तुम्हाला सगळं वाचून दाखवायला सांगितलंय. लहानपणापासूनचं."

"ह्यात हाय समदं तिचं?"

"हो."

"पुन्यास्नं आलं?"

"आत्ता, या क्षणी."

त्यांनी पदराच्या टोकानं पडद्यावरची धूळ पुसली, हळूच, काचेला लागेल म्हणून. थोडा वेळ अक्षरांकडे बघत बसल्या. डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू होतं.

"बंद कर, पोरी," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तिनंच परवानगी दिलीय!"

"दिली, मला पावली. पन ह्याच्या तोंडून कशापाई ऐकू? सोमवारी येतीय न्हवं ती घरी? बसंल माज्यापाशी, आन् सांगंल. येक येक करून, तिच्या तोंडानं. मी बी मला काय दिसत हुतं ते सांगीन तिला." त्या उठल्या. एसटीची वेळ झाली होती.

मी पान मिटलं. पडद्यावर प्रश्न आला, वाचून दाखवले का? मी 'नाही' दाबलं.